‘पोटात यीस्ट वाढलंय’ असं कुणी सांगितलं, तर आधी ताट रिकामं करू नका

जिलबी बंद. दूध बंद, पोळी बंद, ब्रेड-बिस्किटं बंद, केळं-आंबा बंद, आंबवलेलं म्हणून इडली आणि ढोकळाही बंद. उरले पोहे, तेही शेव आणि साखरेशिवाय. इंदूरच्या घरात सहा वर्षांच्या पोराला ही यादी लावून बघा, म्हणजे सकाळी आठ वाजता काय महाभारत होतं ते कळेल. आमच्याकडे ती सात आठवडे चालली. धाकट्याचं वजन दीड किलोने उतरलं, पोट आधीपेक्षा जास्त फुगलं, आणि शेवटी दुखणं निघालं ते भलतंच.

सुरुवात पावसाळ्यात झाली. उलट्या-जुलाब, तीन-चार दिवसांत थांबले, मध्ये अँटिबायोटिकही झालं. त्यानंतर मात्र पोट फुगणं, गॅस, अधूनमधून पातळ शी, आणि शाळेतून आल्या आल्या ‘पेट दुख रहा है’ (दुखणं आलं की आमची मुलं हिंदीत जातात). कुणीतरी सुचवलं म्हणून शौचाचं कल्चर, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी, केलं. रिपोर्टवर ‘यीस्ट’ हा एक शब्द आला, आणि त्या शब्दावर फोनवरून आहाराचा तक्ता मिळाला, सोबत तीन बाटल्या.

मी डॉक्टर नाही. खालचा क्रम नंतर आमच्या बालरोगतज्ज्ञांनी आणि आहारतज्ज्ञांनी बसवून दिला, मी तो वहीत उतरवला आणि राबवला. आता रामबागेपासून सुदामानगरपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या मुलाचं पोट बिघडलं की मला फोन येतो, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

यीस्ट असतंच

कँडिडा ही यीस्ट प्रकारातली बुरशी बहुतेक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर कायम मुक्कामाला असते. तिच्या आजूबाजूला जिवाणूंची इतकी दाटी असते की तिला हातपाय पसरायला जागा मिळत नाही. अँटिबायोटिकने ती दाटी विरळ होते, यीस्ट काही दिवस वाढतं, आणि जिवाणू परतले की पुन्हा आपल्या जागी जातं. त्यामुळे एरवी धडधाकट मुलाच्या शौचात यीस्ट सापडलं, तर त्यावरून दुखणं सापडलं असं होत नाही.

थकवा, चिडचिड, पोटदुखी, एकाग्रता नसणं या सगळ्याच्या मुळाशी कँडिडा आहे, ही कल्पना अमेरिकेत १९८० च्या दशकात फार गाजली. तिथल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने १९८६ मध्येच तिला पुरावा नसल्याचं सांगितलं होतं. १९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक चाचणी छापून आली. अशा तक्रारी असलेल्या ४२ स्त्रियांना आळीपाळीने निस्टॅटिन हे बुरशीनाशक आणि नुसतं नकली औषध दिलं होतं. योनीमार्गाच्या तक्रारी औषधाने कमी झाल्या, पण थकवा, उदासी वगैरे बाकीच्या तक्रारींत नकली औषधानेही तितकाच फरक पडला. ही गोष्ट प्रौढ बायकांची आहे, मान्य. पण मुलांच्या बाबतीत याहून भक्कम काही हाती असल्यासारखे आहाराचे तक्ते विकले जातात, ते मला खटकतं.

यीस्टचा त्रास खरा असतो तेव्हा बहुतेकदा डोळ्यांना दिसतो. तान्ह्या बाळाच्या जिभेवर आणि गालांच्या आत पुसून न जाणारे पांढरे थर दिसतात. लंगोटाच्या जागी लालभडक पुरळ येतं, ते जांघेच्या घड्यांतही शिरतं आणि कडेने सुटे ठिपके उमटतात. दम्याचा स्टेरॉइड पंप घेऊन चूळ न भरणाऱ्या मुलाच्या तोंडात पांढरं येतं. या सगळ्यावर साधे, ठरलेले उपचार आहेत. मोठ्या मुलाला असं पुन्हा पुन्हा होत असेल, किंवा गिळताना दुखत असेल, तर मात्र मधुमेह आणि प्रतिकारशक्तीची तपासणी व्हायला हवी. तिथे आहाराचे प्रयोग करत बसू नये.

आणि ते ‘डाय-ऑफ’. तक्ता सुरू केल्यावर मुलाचं पोट आणखी फुगलं, की सांगतात, ‘यीस्ट मरतंय, त्याचं विष सुटतंय, चांगलं लक्षण आहे.’ आमच्याकडे जे होत होतं ते साधं बद्धकोष्ठ होतं. पोळी गेली, फळं गेली, त्यांच्यासोबत चोथा गेला, आणि शी अडली. म्हणजे बरं वाटलं तरी तक्ता बरोबर, वाईट वाटलं तरी तक्ता बरोबर! असा हिशोब कुणी मांडला की तिथून उठावं.

पहिली पायरी: हे दिसलं तर वहीबिही नंतर, डॉक्टर आधी

शौचात रक्त. हिरवी उलटी. रात्री झोपेतून उठवणारं पोटदुखी किंवा जुलाब. वजन उतरणं, किंवा उंची वाढायची थांबणं. रेंगाळणारा ताप, सांधे दुखणं, सतत तोंड येणं, गुदद्वाराजवळ गळू किंवा चिरा. बेंबीपासून दूर, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं. घरात कुणाला सीलिअॅक (गहू न सोसण्याचा आजार, पुढे सांगते) किंवा आतड्याच्या सुजेचा आजार असणं. यातलं एकही असेल तर घरी काहीही बंद करून बघू नका.

आणखी एक फरक पक्का लक्षात घ्या. एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोनेक तासांत अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, लागोपाठ उलट्या, आवाज बसणं किंवा घरघर होत असेल, तर ती ॲलर्जी आहे. ‘थोडं देऊन बघू’ हे तिथे घरी करायचंच नाही, आणि श्वास अडला तर थेट दवाखाना. पचत नसल्याने होणारा त्रास वेगळा. तो त्रासदायक असतो, जीवघेणा नसतो, आणि बहुतेक वेळा किती खाल्लं यावर ठरतो.

दुसरी पायरी: चौदा दिवसांची वही

या काळात आहारात काहीही बदलायचं नाही. नुसतं लिहायचं. मला हा भाग सगळ्यात जड गेला, कारण आईला हात चालवल्याशिवाय चैन पडत नाही.

वहीत पाच रकाने आखा: वेळ, काय आणि किती खाल्लं, पोटाची तक्रार, शी, आणि ‘इतर’. किती ते वाटी-चमच्यात लिहा. ‘थोडंसं’ हा शब्द वहीत येऊ देऊ नका. ‘इतर’मध्ये शाळेची परीक्षा, लग्न, प्रवास, ताप आणि औषधं. औषधांची पातळ सिरपंही लिहा. त्यातल्या कित्येकांत गोडीसाठी सॉर्बिटॉल असतं, आणि ते भरपूर पोटात गेलं की पोट फुगतं, जुलाबही होतात.

शीसाठी ब्रिस्टल तक्ता वापरा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी केलेला, सात चित्रांचा. एक नंबर म्हणजे बकरीच्या लेंड्या, चार म्हणजे मऊ, गुळगुळीत, सापासारखी, सात म्हणजे नुसतं पाणी. आमच्या घरी तो संडासाच्या दाराला आतून चिकटवला आणि धाकटा आतूनच नंबर ओरडून सांगायला लागला. सासूबाई पहिल्या दिवशी ‘काय हे!’ म्हणाल्या. आठवड्याने त्याच विचारायच्या, ‘आज कितवा रे?’

वजन आणि उंची वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा वाढीचा आलेख, त्यावरच्यांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१५ चा. डॉक्टरांकडून त्यावर टिंब मारून घ्या. मागचे आकडे शाळेच्या किंवा लसीकरणाच्या कार्डावर सापडतात. एकट्या आजच्या वजनापेक्षा गेल्या दोन वर्षांची रेघ बरंच काही सांगते.

रविवार वगळू नका. आमच्या वहीत दोन्ही रविवारी रात्री पोट फुगलं होतं, आणि दोन्ही रविवारी आम्ही सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात होतो. रबडी, मावाबाटी, वर शिकंजी. आपली इंदुरी शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, आटवलेलं दूध आणि सुका मेवा. तीन जागी दूध, आणि तेही आटवलेलं.

तिसरी पायरी: तपासण्या, आणि त्या पोळी बंद करायच्या आधी

इथेच आमचं सगळ्यात मोठं नुकसान झालं. सीलिअॅक हा गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार. उत्तरेच्या गहू खाणाऱ्या पट्ट्यात साधारण शंभरात एकाला असतो, आणि आपला माळवा तर शरबती गव्हाच्या पोळीवर पोसलेला. त्यासाठी रक्तात टीटीजी-आयजीए नावाची प्रतिपिंडं बघतात, सोबत एकूण आयजीए, कारण ते मुळातच कमी असलं तर पहिली तपासणी फसवते. पण गहू पोटात जात असेल तरच ही तपासणी खरं बोलते. आमची पोळी सात आठवडे बंद होती. त्यामुळे डॉक्टरांनी आधी रोज दोन वेळा पोळी पुन्हा सुरू करायला लावली, आणि दीड महिन्याने रक्त घेतलं. सीलिअॅक निघाला नाही. पण तो दीड महिना आम्ही केवळ स्वतःच्या घाईपायी अंधारात काढला.

बाकी साधारण काय बघतात? हिमोग्लोबिनसह रक्ताची साधी तपासणी, गरजेप्रमाणे थायरॉइड, आणि शौचाची साधी तपासणी: रक्त, जंत आणि जिआर्डिया. या जिआर्डियाला विसरू नका. दूषित पाण्यातून येणारा हा परजीवी आठवडेच्या आठवडे पोट फुगवतो, घाण वासाची चिकट शी करवतो, आणि तात्पुरतं दूधही पचेनासं करतो. ‘यीस्ट’ची म्हणून सांगितलेली बरीचशी लक्षणं त्याच्या अंगावर चपखल बसतात. नळाच्या क्लोरीनला तो सहजी दाद देत नाही, उकळीला देतो. नर्मदेचं असो की टँकरचं, पिण्याचं पाणी मिनिटभर खळखळून उकळा. जंतांसाठी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोल देतात, तेव्हा मूल घरी ठेवू नका.

दुधाच्या शंकेसाठी हायड्रोजनची श्वासतपासणी असते. मूल फुंकर मारण्याइतकं मोठं असेल तर ती करता येते, पण बहुतेकदा पाचव्या पायरीचा घरगुती प्रयोग पुरतो.

कशावर पैसे घालू नयेत तेही सांगते. शंभर-दोनशे पदार्थांची आयजीजी चाचणी घेऊ नका. आयजीजी म्हणजे शरीराची त्या अन्नाशी झालेली ओळख, म्हणून त्या रिपोर्टमध्ये मूल रोज जे खातं तेच लाल रंगात येतं. केसांची चाचणी नको, हातात दांडी धरून होणारी यंत्रचाचणी नको, आणि निरोगी मुलाच्या शौचाचं बुरशीसाठी कल्चर, आम्ही केलं ते, तेही नको.

चौथी पायरी: आधी शी मोकळी करा

हे वाचून बऱ्याच आया म्हणतील, ‘पण आमच्याकडे तर पातळ होते!’ मीही तेच म्हटलं होतं. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि म्हणाले, आत दगड आहे, त्याच्या कडेने पाणी झिरपतंय. घट्ट मळ मोठ्या आतड्यात अडकला की वरचा पातळ मळ बाजूने गळतो, चड्डीला डाग पडतात, आणि आपण जुलाब समजून केळं-भात देऊन ते आणखी घट्ट करतो.

रोज जेवणानंतर दहा मिनिटांच्या आत मुलाला बसवा, पाच-दहा मिनिटं, मोबाइलशिवाय. कमोड असेल तर पायांखाली पाट हवाच. पाय लोंबकळत असले की जोर लावता येत नाही. जुन्या वाड्यांतल्या भारतीय संडासात हा प्रश्नच नव्हता. शाळेत मूल शी दाबून धरतं का, हे विचारा. आमचा धरायचा, कारण तिथला संडास घाण असायचा आणि दाराला कडी नव्हती. शाळेला मी चिठ्ठी लिहिली: याला हवं तेव्हा जाऊ द्या, आणि कडी लावून द्या. कडी लागायला तीन आठवडे लागले.

चोथ्याचा सोपा हिशोब म्हणजे मुलाचं वय अधिक पाच, इतके ग्रॅम रोज. सहा वर्षांच्याला अकरा. एका मध्यम पेरूत पाचएक ग्रॅम सहज मिळतात. पण दगड बसलेला असताना नुसता चोथा वाढवू नका, आधी डॉक्टरांच्या औषधाने तो निघू दे. ते औषध आठवड्यात बंद करायचं नसतं, बरेचदा काही महिने चालतं. ‘सवय लागेल’ या भीतीने मधेच थांबवलं की सगळं पहिल्यापासून.

आमच्याकडे निम्मी पोटदुखी या पायरीवरच संपली.

एक ते पाच वर्षांची काही मुलं खेळतात, वाढतात, आणि तरी दिवसातून चार-पाच वेळा पातळ करतात, शीत गाजर-वाटाणे जसेच्या तसे दिसतात. त्यांचा फळांचा रस आधी थांबवा. वर्षाखाली रस अजिबात नको, तीन वर्षांपर्यंत फार तर १२० मिलिलिटर. जेवणात तूप घाला. बऱ्याच मुलांचं एवढ्याने भागतं.

पाचवी पायरी: दुधाचा प्रयोग, परतीच्या तारखेसह

आता खरी चाचपणी. नियम दोन. एका वेळी एकच पदार्थ काढायचा, आणि काढतानाच वहीत त्याच्या परतीची तारीख लिहायची. तारीख नसेल तर काढायचा नाही. ‘बघू पुढे’ म्हणून काढलेले पदार्थ वर्षानुवर्षं ताटात परतत नाहीत, आणि मूल चार पदार्थांवर येऊन बसतं.

जुलाबाच्या आजारात आतड्याची आतली लव झिजते आणि तिच्यासोबत दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं लॅक्टेजही कमी होतं. लव पुन्हा वाढते, बहुतेकदा काही आठवड्यांत. दुसरा प्रकार वयाबरोबर येतो. साधारण पाच वर्षांनंतर आपल्याकडे बऱ्याच जणांचं लॅक्टेज हळूहळू घटतं, आणि तो आजार नव्हे. दोन्हींत थोडं दूध चालतं, किती ते शोधायचं असतं.

दोन आठवडे दूध, खवा, रबडी, बासुंदी, आइसक्रीम, दूध पावडरची बिस्किटं थांबवा. त्याऐवजी लॅक्टोजमुक्त दूध मिळालं तर उत्तम, कारण मग फक्त साखर बदलते, कॅल्शियम जागच्या जागी राहतं. तूप चालतं. पनीरमध्ये लॅक्टोज कमी, पाणी निथळून गेल्यामुळे चक्क्यातही कमी. म्हणून बासुंदीने रडवलेल्या पोराला श्रीखंड पचतं, हे आमच्या आजीला कुठल्याही तपासणीशिवाय ठाऊक होतं. देशी गाईचं ‘ए-टू’ दूध, शेळीचं, म्हशीचं, या सगळ्यांत लॅक्टोज जवळजवळ सारखंच असतं. त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका.

दोन आठवड्यांत वहीत काही फरक दिसला नाही, तर दूध त्याच दिवशी परत आणा. दिसला, तर चढत जा. तीन दिवस जेवणासोबत दोन चमचे दही, मग तीन दिवस अर्धी वाटी. दह्यातले जिवाणू लॅक्टोज पचवायला हात लावतात, म्हणून दही पहिलं. पुढे ५० मिलिलिटर दूध, पोह्यांसोबत किंवा पोळीसोबत, रिकाम्या पोटी नाही. मग १००, १५०, २००, प्रत्येक पायरीला तीन दिवस. जिथे पोट बोललं, तिथून एक पायरी खाली या आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा चढा.

अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध लॅक्टोजच्या शंकेने तोडू नका. आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या शीत रक्त किंवा आव दिसली तर दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. तो प्रांत पूर्ण डॉक्टरांचा. त्यात शेळीचं दूधही चालत नाही.

सहावी पायरी: गहू

टीटीजी नकारात्मक असेल आणि तरी पोळीने पोट फुगतं असं वही सांगत असेल, तर ग्लूटेन दोषी असेलच असं नाही. गहू, कांदा आणि लसूण यांत फ्रुक्टान नावाची साखरेची साखळी असते, ती कुणालाच पूर्ण पचत नाही, मोठ्या आतड्यात आंबते. राजमा-छोल्यांचंही तसंच. अशा मुलाला दोन पोळ्यांऐवजी एक पोळी आणि एक ज्वारीची भाकरी, कडधान्य भिजवून, पाणी फेकून शिजवलेलं, एवढ्यानेही भागतं.

पण सीलिअॅक पक्का झाला असेल, तर परतीची तारीख नाही. हा एकच अपवाद. गहू, जव, रवा, मैदा, दलिया, शेवया, बाफले, सगळं कायमचं जातं. आणि मग नजर बारीक करावी लागते, इंदूरमध्ये तर जास्तच.

हिंगापासून सुरू करा. डबीतला बांधणीचा हिंग बहुतेकदा गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो. म्हणजे वरण गेलं, शेव गेली, आणि पोह्यांवर भुरभुरायचं जिरावणही गेलं, कारण त्यात हिंग असतो. जिरावण घरी करा: जिरं, धणे, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, मिरची, सुंठ भाजून दळा, हिंग गाळा किंवा तांदळाच्या पिठात बांधलेला बघून आणा. ठेल्यावरचे पोहे तसे निर्दोष, पण शेजारच्या कढईत कचोऱ्या तळल्या जातात आणि झारा एकच असतो.

मग चक्की. गव्हाच्या पाठोपाठ दळलेली ज्वारी म्हणजे गहू मिसळलेली ज्वारी. कोपऱ्यावरच्या चक्कीवाल्याला ‘आधी दोन किलो दुसरं काही दळून घ्या’ सांगून भागत नाही, घरी छोटी चक्की आणणं बरं. विकतच्या पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये, असा आपल्याकडचा नियम आहे. माल्ट घातलेल्या दुधाच्या पावडरी विसरू नका, माल्ट बहुतेकदा जवाचं असतं.

मराठी घराला इथे एक फायदा आहे. उपासाचा अख्खा डबा तयार असतो. भगर (किराणावाल्याकडे मोरधन म्हणून मागा), राजगिरा, साबुदाणा, शिंगाड्याचं पीठ, सगळं मुळात ग्लूटेनशिवायचं, फक्त निवडून, पाकिटातलं घ्यावं. भुट्ट्याचा कीसही चालतो. तो दुधात शिजतो, तेवढं ध्यानात ठेवा.

सातवी पायरी: काढलं त्याच्या जागी काय

चार ते सहा वर्षांच्या मुलाला रोज साधारण ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दोन कप दूध गेलं की त्यातलं साडेचारशेच्या वर गेलं. ३० ग्रॅम नाचणीच्या पिठातून शंभरेक मिळतं, वाटीभर घट्ट दह्यातून दीडशे ते दोनशे. तिळात भरपूर असतं, पण सगळं शोषलं जात नाही, म्हणून लाडवावर पूर्ण भिस्त ठेवू नका. भागत नसेल तर डॉक्टर गोळी देतात, ड जीवनसत्त्वासकट.

आमचा त्या दिवसांतला एक दिवस असा: सकाळी पोहे, मटकीची उसळ आणि अर्धा पेरू. डब्यात नाचणीचं धिरडं, शेंगदाण्याची चटणी. दुपारी पोळी, पालेभाजी, वरण-भात-तूप, दोन चमचे दही. संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू आणि संत्रं. रात्री मुगाची खिचडी. सफरचंद आणि नासपती मोठ्या प्रमाणात टाळलं, त्यांतली फळसाखर आणि सॉर्बिटॉल काही मुलांना झेपत नाही. इडली परत आली. तिचं पीठ मुख्यतः लॅक्टिक आम्लाचे जिवाणू फुगवतात, आणि ब्रेडचं यीस्ट कँडिडापेक्षा वेगळं, शिवाय भट्टीत मेलेलं. ‘आंबवलेलं म्हणून यीस्ट वाढतं’ यात मला आजवर कुणी काही तथ्य दाखवू शकलेलं नाही.

साखर कमी ठेवली. दातांसाठी.

औषधं, थोडक्यात

सर्दी-खोकला आणि बरेचसे घसे विषाणूंचे असतात, त्यांना अँटिबायोटिक लागत नाही. दुकानातून परस्पर आणू नका, मागच्या वेळची उरलेली बाटली तर मुळीच नको. जुलाबात ओआरएस, आणि सहा महिन्यांवरच्या मुलाला १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम झिंक. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी झिंक चौदा दिवस पुरं करा.

अँटिबायोटिकने होणारे जुलाब टाळायला डॉक्टर कधी सॅकरोमायसिस बोलार्डी देतात. गंमत म्हणजे ते स्वतःच एक यीस्ट आहे. १९२० च्या दशकात ऑन्री बुलार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने आग्नेय आशियात लिची आणि मँगोस्टीनच्या सालींतून ते वेगळं केलं. यीस्टच्या नावाने घाबरलेल्या आईच्या हातात यीस्टचीच पुडी! पण प्रतिकारशक्ती कमी असलेल्या किंवा शिरेत नळी लावलेल्या मुलांना ते धोक्याचं असतं, म्हणून मनाने द्यायचं नाही. फ्लुकोनॅझोलसारखी बुरशीनाशकं तर नुसत्या शौचाच्या रिपोर्टवर कधीच नकोत. ती यकृताला त्रास देऊ शकतात आणि इतर औषधांशी भांडतात.

स्वमग्न मुलांच्या आयांना हे तक्ते सगळ्यात जास्त विकले जातात. त्या मुलांत बद्धकोष्ठ आणि मोजकेच पदार्थ खाणं आधीच पुष्कळ असतं. त्यातलेही चार पदार्थ काढले तर उरतं काय? पोट दुखत असेल तर त्या मुलाची तपासणी याच क्रमाने व्हावी. गहू-दूध बंद करून स्वमग्नता जाते, याला भरवशाचा पुरावा नाही.

नातेवाईक आणि लग्नं

एक चिठ्ठी करून आत्या, मावशी, शाळा, सगळ्यांना द्या: काय चालतं, किती चालतं, काय नाही. ‘काही चालत नाही त्याला’ असं मुलाच्या देखत म्हणू नका. लग्नात जाताना घरून अर्धं जेवण घालून न्या. मुंजीच्या पंगतीत मोठ्या काकू ‘अगं, एका वाटीने काय होतंय’ म्हणत बासुंदी वाढणारच. लॅक्टोजचा प्रश्न असेल तर खरंच फार काही होत नाही, रात्री गॅस होतो. सीलिअॅक असेल तर वाटी उचलून बाजूला ठेवा, काकू रागावल्या तरी.

आमच्या वहीची शेवटची पानं अशी आहेत:

१४ नोव्हेंबर. दही अर्धी वाटी. ठीक.
२ डिसेंबर. दूध १००, पोळीसोबत. ठीक.
११ डिसेंबर. दूध १५०, रिकाम्या पोटी (आजीने दिलं). गुबारा. परत १०० वर.
१८ जानेवारी. दूध २००. ठीक. वजन उतरलेलं सगळं भरून वर ४०० ग्रॅम.
२६ जानेवारी. सराफा. मावाबाटी अर्धी, शिकंजी दोन घोट, उरलेली बाबांनी प्यायली. रात्री गॅस, बाबांनाही. सकाळी शी: चार नंबर.